इन्शुलिन रेझिस्टन्स: आधी व्यायाम की आधी कॅप्सूल?

रानवाट: लठ्ठपणासोबत इन्शुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही अशी स्थिती, निघाला की लोक लगेच बर्बेरीन (दारुहळदीसारख्या वनस्पतींतलं द्रव्य), दालचिनी, मेथीचा अर्क शोधायला लागतात. व्यायाम मात्र 'सोमवारपासून'. हे उलटं चाललंय. इन्शुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली साखर उचलण्याचं सर्वात मोठं काम स्नायूंचं. ते आकुंचन पावले की ग्लूट-४ ही वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्शुलिनची वाट न बघता साखर आत घेतात. व्यायामानंतर स्नायू इन्शुलिनलाही जास्त दाद देतात; हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून मोठा खंड पडू द्यायचा नाही. २००२ साली अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष आले: आहारात बदल, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन घटवण्याचं उद्दिष्ट, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

सायली_क: अजिबात पटलं नाही. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा या वनस्पतीतच आहे ना? बर्बेरीनने उपाशीपोटीची साखर उतरल्याचं कितीतरी चाचण्यांत दिसलंय. माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. तिला १५० मिनिटं सांगून काय उपयोग?

रानवाट: त्या चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या महिन्यांच्या. मेटफॉर्मिनचा डोस ठरलेला असतो. कॅप्सूलमध्ये लेबलवर लिहिलंय तेवढंच असेल याची खात्री नाही. आणि व्यायाम म्हणजे फक्त चालणं कुठे? खुर्चीत बसून रबरी पट्टा ओढला तरी स्नायू साखर घेतात.

औषधजाणता: एक धोका कुणीच बोलत नाहीये. पीसीओएस (अंडाशयांचा हार्मोन्सशी निगडित विकार, त्यात इन्शुलिन रेझिस्टन्स बऱ्याचदा असतो) असलेल्या बऱ्याच जणी बर्बेरीन घेतात, त्यातल्या काही गर्भधारणेच्या प्रयत्नात असतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते टाळायचं, बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. शिवाय यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स ते अडवतं, त्यामुळे दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. कॅसिया दालचिनीत कुमारिन असतं, जास्त झालं तर यकृताला त्रास. मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत हे अर्क घेतले तर साखर एकदम खाली येऊ शकते.

सायली_क: गरोदरपणाचं मान्य, शंभर टक्के. पण डॉक्टरांना सांगून घेतलं तर हरकत का असावी? वजनाचा काटा हलत नाही म्हणून लोक व्यायाम सोडतात. रिपोर्टमध्ये थोडी सुधारणा दिसली की टिकून राहतात.

रानवाट: मग त्यांना हे सांगा की काटा तसाच राहिला तरी व्यायामाने पोटाच्या आतली चरबी आणि इन्शुलिन, दोन्ही उतरू शकतं. कंबर मोजा. त्यासाठी कॅप्सूल लागत नाही.

सायली_क: कंबर मोजूच. डॉक्टर हो म्हणाले तर कॅप्सूलही चालू ठेवू.