पॅसिव्हहाऊसमधली बेडरूम गार कशी ठेवायची?

सातारची_लेक:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरपासून जर्मनीत हायडलबर्गच्या बानश्टाट वस्तीत राहतोय, सगळी पॅसिव्हहाऊस, म्हणजे हीटिंग अगदी कमी लागणारी घरं, जाड भिंती, खिडक्यांना तीन काचा, फ्लोअर हीटिंग आणि सतत चालू असलेलं व्हेंटिलेशन. बेडरूम काही केल्या गार होत नाही. थर्मोस्टॅट 18 वर आणि पाळण्याजवळचा थर्मामीटर 23.5! बाहेर बर्फ नि बाळाची मान घामाने ओली. परवा रात्रभर खिडकी तिरकी उघडी ठेवली, सकाळी 19 झालं, गारठलो म्हणून थर्मोस्टॅट फुल केला, तर संध्याकाळपर्यंत काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी थेट 25. उलट हॉलमध्ये 22 असून फरशी पायाला गार लागते, सासूबाई म्हणतात हीटिंग बिघडलंय. बिल्डिंगचा माणूस दोनदा येऊन "सगळं नॉर्मल" सांगून गेला. खरंच नॉर्मल आहे का हे?

डार्मश्टाटकर:
ताई, बिघाड नाहीये पण तुम्हाला कोणी नीट समजावून सांगायला हवं होतं. थर्मोस्टॅट फक्त हीटिंग बंद करतो, खोली गार करत नाही. पॅसिव्हहाऊसला कडाक्याच्या थंडीतही चौरस मीटरला साधारण 10 वॅटच लागतात, म्हणजे 14 मीटरच्या बेडरूमला 140. झोपलेला मोठा माणूस एकटाच 80 च्या आसपास वॅट देतो, म्हणजे तुम्ही दोघं झोपलात की झालंच खोलीचं हीटिंग, वर बाळ. त्यात इन्सुलेशन सगळं बाहेरच्या भिंतींना, आतल्या भिंती साध्या, त्यामुळे हॉलची ऊब भिंतीतून नि दारातून बेडरूममध्ये येतच राहते. व्हेंटिलेशनचंही तेच, बाहेर 0 असलं तरी जाणाऱ्या हवेतली 80 टक्के उष्णता परत घेतली की आत येणारी हवा 17-18 ची होते, तिने कितीसा गारवा येणार.
फुल करणं मात्र सोडा. फरशीखालचं काँक्रीट तापायला तास न् तास लागतात आणि तापलं की लवकर निवत नाही, तुमचे 25 त्यातूनच आले. आणि फरशी 23-24 ची असली तरी तळपायाला गारच लागणार, तळपाय तिच्याहून गरम असतो ना.

माइनकाठची_मीरा:
आम्ही फ्रँकफुर्टला चार हिवाळे काढले असल्या घरात. बेडरूमचं हीटिंग अख्खा सीझन बंदच ठेवायचं, दार दिवसभर लावलेलं, झोपण्याआधी तासभर खिडकी तिरकी. पाच मिनिटं उघडून भागत नाही, हवा तेवढी बदलते, भिंती गरमच राहतात. खिडकी दक्षिणेला असेल तर दुपारी बाहेरचं शटर खाली घ्या, हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन थेट पलंगापर्यंत येतं. आणि हॉल 22 वरून 21 वर आणा, एकदम नको, अर्धा डिग्री करून दोन दिवस थांबा.

सातारची_लेक:
खूप खूप आभार दोघांचे. आज सहावा दिवस, काल रात्री पाळण्याजवळ 20.5 होतं आणि बाळ एका झोपेत पाचपर्यंत. सासूबाईंना तळपायाचं पटलं पण पाय गारच म्हणतात. हॉलमध्ये सतरंजी टाकली तर चालेल का?

डार्मश्टाटकर:
पातळ सतरंजी खुशाल टाका, बसतात तेवढ्या जागेपुरती. जाड गालिचा नको, खालची ऊब अडते. आणि आईंना लोकरीचे मोजे घेऊन द्या.