विषय: दोन कंत्राटे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे

सर्वांना सप्रेम नमस्कार.

रविवारी फर्मागुडीला ज्यांची भेट झाली त्यांना कल्पना आहेच. मला दोन ठिकाणांहून काम देऊ केले आहे आणि त्यांतले एकच घ्यायचे आहे. बंगळूरच्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीने बारा महिन्यांसाठी दरमहा 2 लाख 10 हजार रुपये देऊ केले असून मी त्यांच्या पगारपत्रकावर राहीन. अमेरिकेतील ग्राहकाचा थेट करार आजच्या दराने दरमहा 2 लाख 40 हजारांच्या आसपास जातो, मात्र बिल दिल्यानंतर पैसे 45 दिवसांनी मिळणार, रजा नाही, विमा नाही आणि 15 दिवसांच्या सूचनेवर करार संपू शकतो. काम दोन्हीकडे सारखेच आहे, जावा या संगणकीय भाषेतील जुनी प्रणाली नव्या रचनेत आणण्याचे. तीस हजारांसाठी एवढी अनिश्चितता पत्करावी का, एवढेच मला ठरवायचे आहे.

– फोंडा

---

फरक तीस हजारांचा नाही. हे मी रविवारीच सांगणार होतो, पण विषय सभागृहाच्या भाड्याकडे वळला.

बंगळूरची रक्कम पगार ठरते. वर्षाचे 25 लाख 20 हजार, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की 2025-26 च्या नव्या करप्रणालीनुसार उपकरासह सुमारे 3 लाख 26 हजार रुपये कर बसतो. अमेरिकेची रक्कम व्यावसायिक उत्पन्न ठरते. 2025-26 ला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यात व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाचे कलम 44 एडीए आहे, त्याखाली 28 लाख 80 हजारांपैकी निम्मे, म्हणजे 14 लाख 40 हजार, करपात्र दाखवता येतात. त्यापुढे त्याच कायद्यातले आपल्या गोव्याचे कलम 5 ए लागते. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे ज्या दांपत्याची संपत्ती सामाईक आहे, त्यांचे पगाराव्यतिरिक्त प्रत्येक प्रकारचे उत्पन्न पतीपत्नीत समान वाटले जाते. म्हणजे तुमच्याकडे 7 लाख 20 हजार आणि वहिनींकडे, म्हणजे तुमच्या पत्नीकडे, तेवढेच. त्यांचा शाळेचा वार्षिक पगार 4 लाख 80 हजार असेल, तर वजावटीनंतर त्यांची बेरीज 11 लाख 25 हजार होते. बारा लाखांपर्यंत 87 ए ची सूट असल्यामुळे दोघांचाही कर शून्यावर येतो.

– खजिनदार, मडगाव

---

खजिनदारकाकांचा हिशेब बरोबर आहे, परंतु तो सर्वांना लागू पडत नाही हे त्यांनी लिहायला हवे होते. आमचे लग्न कोल्हापूरला झाले. पर्वरीत बारा वर्षे राहतो म्हणून मीही एकदा अर्धे उत्पन्न पत्नीच्या नावे दाखवले, आणि आयकर विभागाची नोटीस आल्यावर व्याजासह कर भरला. गोव्यात घर घेतल्याने कोणी संहितेखाली येत नाही. शिवाय ज्यांनी लग्नापूर्वी करार करून संपत्ती विभक्त ठेवली आहे, त्यांनाही हे कलम लागत नाही.

– पर्वरी

---

पर्वरीकरांच्या नोटिशीबद्दल सहानुभूती आहे, पण प्रश्न फोंड्याचा आहे आणि त्यांच्या लग्नाला आम्ही जेवलो आहोत. गोव्यात लग्नाच्या नोंदणीसाठी दोनदा सही होते, तेव्हा खुलासा एवढाच हवा की पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मध्ये कोणता करार नोंदवला होता का. नागरी निबंधकाकडील दाखला काढून पाहावा.

– खजिनदार

---

मी अजून शारजातच असल्यामुळे कराविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, तरी कराराविषयी बोलतो. कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट 45 दिवसांची आहे. भारतातील ग्राहक असता तर उद्यम नोंदणी करून लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याचा आधार घेता आला असता. त्यात लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. अमेरिकेतील ग्राहकावर ते चालत नाही, आणि बहुधा वाद सोडवण्याचे ठिकाण तिकडचे डेलावेअर राज्य लिहिलेले असेल. माझी दोन बिले एका परदेशी ग्राहकाने बुडवली तेव्हा कोड आधीच त्याच्या ताब्यात होता आणि त्यावरचे सर्व हक्क मी पहिल्या दिवशीच लिहून दिले होते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच असतो. हस्तांतर लेखी करावे लागते. म्हणून बिलाची पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच हक्क जातील, असे वाक्य घालून घ्या.

– शारजा

---

शारजाच्या भाऊंशी मी सहमत आहे. अमेरिकेच्या कामात उलाढाल 20 लाखांच्या वर जात असल्यामुळे जीएसटी नोंदणी करावी लागेल. सेवेची निर्यात शून्य दराची असते, परंतु दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र, भरावे लागते. ते चुकले तर 18 टक्के कर आधी भरून मग परतावा मागत बसावे लागते. ग्राहक डब्ल्यू-8 बेन हा आपण अमेरिकेचे करदाते नसल्याचा नमुना मागेल, तो निमूट भरून द्यावा. काम इथे बसून होत असल्याने तिकडे कर कापला जात नाही. विवरणपत्रात उत्पन्नाच्या वाटणीची अनुसूची 5 ए भरताना तुमच्या पत्नीचा पॅन लागतो आणि त्यांचेही विवरणपत्र त्याच आकड्यांनी जायला हवे. हे सोपे काम नाही, आणि माझ्याकडे येणारे बरेच जण नेमके इथेच चुकतात.

बंगळूरच्या कंपनीचे कलमही वाचा. करार संपल्यावर दोन वर्षे त्यांच्या ग्राहकाकडे काम करायचे नाही, असे सहसा असते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते टिकणे कठीण आहे, तरी नोटिशीचा त्रास होतोच.

– माशेल

---

माशेलच्या वहिनींकडे येणारे चुकतात ते विवरणपत्र स्वतः भरतात म्हणून. एलयूटीचा नमुना माझ्याकडेही आहे.

– खजिनदार

---

दाखला सापडला. दुसऱ्या सहीचा कागद मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत होता, त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, पण निबंधकाचा शिक्का शाबूत आहे. लग्नापूर्वीचा कोणताही करार नाही.

अमेरिकेच्या ग्राहकाला 45 ऐवजी 15 दिवस आणि शारजाच्या भाऊंनी सुचवलेले वाक्य या दोन दुरुस्त्या पाठवल्या आहेत. दोन्ही मान्य झाल्यास तिकडेच सही करीन. मुदत कमी झाली नाही, तर बंगळूरला होकार देईन, कारण पहिले दोन महिने पैशांशिवाय काढणे घराच्या हप्त्यामुळे मला शक्य नाही. माशेलच्या वहिनी आणि खजिनदारकाका, एलयूटीचा नमुना कृपया दोघांनीही पाठवावा.

– फोंडा