खट्ट! : जुनी गाडी सुरू न होण्याचे अनुभव

माझ्या १९८४च्या प्रीमियर पद्मिनीने गेल्या तीन महिन्यांत पेट्रोल पंपावर एकदाही मान टाकलेली नाही, म्हणून हा धागा.

रोग जुना. सकाळी गार असताना अर्ध्या सेल्फात (सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी बॅटरीवरची मोटर) उठायची. वीस किलोमीटर चालवून बंद केली की नुसतं खट्ट. पंपावरची पोरं मला बघूनच हवा मारायचं सोडून धक्क्याला यायची. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या, सेल्फ रिवाइंड केला, नवीन सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) टाकला. शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरली, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर, आणि म्हणाला, "मारा सेल्फ." काटा दोन व्होल्टच्या पुढे. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसता कामा नये! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीपुरता. ती पट्टी गाडीखाली चिखल-ऑइलने काळी पडली होती आणि निम्म्या तारा तुटलेल्या. गार असताना तेवढ्यावर भागायचं. गाडी तापली की तेवढं पुरायचं नाही, तिथे बिंग फुटायचं. नवी पट्टी, आणि बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला. बास. आधीच्या खर्चाचा आकडा घरी सांगितलेला नाही.

तुमच्याकडे काय निघालं ते लिहा. "बॅटरी बदलून बघा" एवढं सोडून काहीही चालेल.

ठाणे, पद्मिनी

आमचं विजेचं नव्हतं, पेट्रोलचं होतं. मे महिना, कसारा घाट, वर पोचल्यावर चहाला थांबलो आणि संपलं. सेल्फ छान फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. मी आपला चोक ओढून सेल्फ मारतोय. शेजारी उभ्या ट्रकचा ड्रायव्हर पाण्याने भिजवलेलं फडकं घेऊन आला, एसी पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) आणि पाइपवर गुंडाळलं आणि म्हणाला, आता दहा मिनिटं हात लावू नका. दहाव्या मिनिटाला सुरू. चालत्या गाडीत पंखा फिरत असतो, ताजं गार पेट्रोल येत असतं. थांबली की इंजिनची धग पंपात चढते, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ दाबत बसतो. तेव्हापासून घाटमाथ्यावर थांबलो की आधी बॉनेट उघडतो, मग चहा.

नाशिक, स्टँडर्ड हेराल्ड

फक्त पावसाळ्यात रुसायची. पॉइंट घासले, गॅप लावला, प्लग बदलले, कंडेन्सर बदलला. मग एका रात्री लाइट गेलेले असताना बॉनेट उघडून मुलाला सेल्फ मारायला सांगितलं (हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, चाकावर बसून काम करता येतं, हे सुख दुसऱ्या गाडीत नाही). काळोखात डेल्कोच्या (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) टोपणावर निळी ठिणगी गोमेसारखी सरपटताना दिसली. टोपणाला केसाएवढी चीर, तिच्यात कार्बनची रेघ. उन्हाळ्यात कोरडी, पावसात ओल धरली की सगळा करंट तिथूनच पळायचा. दिवसा जन्मात दिसलं नसतं.

म्हापसा, मॉरिस मायनर

सेल्फ मारला की नुसती घरघर, नाहीतर एकदम गच्च. पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनचं मोठं चाक) दात्यांत अडकतो. उपाय वडिलांनी शिकवला: टॉप गिअर टाकून गाडी पुढे-मागे हलवायची. जागा नसेल तर सेल्फच्या मागच्या टोकाला दांड्याचं चौकोनी तोंड असतं, तिथे पाना लावून फिरवायचं, टक् करून सुटतो. कायमचं करायला गेलो तेव्हा कळलं, चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं, म्हणून फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दातेही त्याच दोन जागी झिजतात. मेकॅनिकने रिंग गरम करून काढली, थोडी फिरवून परत बसवली.

न्यू जर्सी, १९७१ची बीटल

धागाकर्त्यासारखंच, गरम झाली की खट्ट. इथे दोष वायरच्या लांबीचा. बॅटरी मागच्या सीटखाली, सेल्फ मागे, आणि किल्ली पुढे! करंट पुढे जाऊन परत मागे येईपर्यंत दमतो. सेल्फजवळ एक रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) बसवला. आता किल्ली फक्त रिलेला हाक मारते, सोलेनॉइडला करंट जवळूनच मिळतो.

सांगली, अँबेसिडर

आठ-दहा दिवस उभी राहिली की सुरू व्हायला मिनिटभर सेल्फ खायची. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं हे माहीत होतं, पण हल्ली फारच. पेट्रोलचा पंप उघडला तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) शेवयांच्या पिठासारखा मऊ, रबरी नळीला आतून भेगा. इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. इथेनॉल चालेल असा डायफ्राम आणि नळ्या टाकल्या. शिवाय पंपाच्या बुडाशी हाताने दाबायची छोटी दांडी असते, सकाळी आठ-दहा वेळा दाबली की कार्बोरेटर भरतो आणि बॅटरी वाचते. ही दांडी इतकी वर्षं मला दिसलीच नव्हती.

सातारा, अँबेसिडर (वडिलांची)

मी गाडीतली जाणकार नाही, पण पुढून इंजिन हाताने फिरवायच्या हँडलचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. अप्पा पहाटे हँडल मारूनच गाडी सुरू करायचे. आम्हा बहिणींना शिकवताना पहिला धडा अंगठ्याचा: मुठीत हँडल धरायचं नाही, अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आणि वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. ठिणगीचं टायमिंग पुढे गेलं असेल (ठिणगी वेळेआधी पडत असेल) तर इंजिन उलटा झटका देतं आणि अंगठा मध्ये आला तर मोडतो. अप्पांचा उजवा अंगठा जरा वाकडा होता. तो कशाने, हे आईने ते गेल्यावर सांगितलं.