१६ ओमची कॅब आणि ८ ओमची कॅब एकाच ट्यूब हेडला लावू का?

तुटकी_तार
मंडळी, माझ्याकडे ५० वॅटचं सेकंडहँड ट्यूब हेड (स्पीकर नसलेला गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प) आहे, मागे १६ ओमचा एक जॅक, ८ चे दोन, ४ चे दोन. आत्तापर्यंत दोन १२ इंची स्पीकरवाली १६ ओमची कॅब (स्पीकरची पेटी) १६ च्या जॅकला लावून वाजवतोय, पण आवाज पहिल्यापासून पातळच, खर्ज नाहीच म्हणा ना, रिदम वाजवताना पोटात काही जाणवतच नाही. आता मित्र त्याची एका स्पीकरची ८ ओमची कॅब देतोय (ग्रीनबॅक स्पीकर आहे, २५ वॅटचा). दोन्ही एकदम लावायच्या तर कुठल्या जॅकला? आणि मीटर लावला तर मित्राची कॅब ८ च्या ऐवजी ६.३ दाखवते, स्पीकर गेलाय का?

सोल्डरवाला
स्पीकर ठणठणीत आहे. मीटर फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स मोजतो, ८ ओमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवणारच, १६ वाला १२-१३. छापलेला आकडा एसी सिग्नलसाठीचा, आणि तोसुद्धा फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होत असतो.

आता दोन कॅबचं. एकाच ओमचे दोन जॅक आतून पॅरलल (समांतर) जोडलेले असतात, म्हणजे १६ आणि ८ मिळून ५.३३ ओम. ४ च्या दोन जॅकना लावलंस तर फार बिघडत नाही. पण खरी गोम ओममध्ये नाहीये रे, पॅरललमध्ये दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच, त्यामुळे कमी ओमवाला जास्त ओढतो, ५० पैकी ३३ वॅट मित्राच्या एकट्या २५ वॅटच्या स्पीकरवर आणि जेमतेम १७ तुझ्या दोन स्पीकरवाल्या कॅबवर. वर हेडचा व्हॉल्यूम पूर्ण वाढवला की ते ५० च्या पुढेच जातं. मित्र राहील पण त्याचा स्पीकर राहणार नाही 😄

गरम_ट्यूब
सोल्डरवाला बरोबर. आणि काहीही कर पण स्पीकर न लावता ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नकोस. मी हे केलंय. कॉलेजच्या गॅदरिंगला मधेच कोणाचा तरी पाय अडकून स्पीकरची पिन निघाली, मला वाटलं गिटारची केबल गेली म्हणून मी व्हॉल्यूम वाढवत बसलो, मागून चर्र असा आवाज आणि जळका वास. लोड, म्हणजे स्पीकर, नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं, ट्यूबच्या सॉकेटवर तर काळा डागच पडला होता. मग ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून घेतला, त्या माणसानं सरळ आधी सगळी प्रायमरी आणि वर सेकंडरी (स्पीकरकडची) गुंडाळून दिली, मूळच्यात थर आलटून पालटून होते. अ‍ॅम्प चालू झाला पण वरची धार गेली ती गेलीच.

अजून एक, हेड ते कॅब गिटारची केबल वापरू नका रे, आतली तार केसाएवढी असते. दीड एमएमची दोन कोरची साधी वायर आणून दोन पिना सोल्डर केल्या की झालं.

बिनट्यूबचा
मधेच विचारतो, माझा ट्रान्झिस्टरवाला आहे, मागे "किमान ८ ओम" लिहिलंय. १६ ची कॅब लावली तर उडेल का?

सोल्डरवाला
नाही उडत. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, जास्त ओम म्हणजे कमी करंट, पॉवर साधारण निम्मी होईल आणि कानाला थोडाच फरक. ४ मात्र लावू नकोस, "४ वर डबल पॉवर मिळते" म्हणून लोक लावतात आणि हीटसिंकवर ऑम्लेट होतं. ट्यूबचा नियम इथे आणि इथला नियम ट्यूबला लावायचा नाही, निम्मे घोटाळे त्यातूनच होतात.

तुटकी_तार, तुझा खर्ज गायब आहे ना, त्याचं औषध दुसरी कॅब नाहीच असं मला वाटतंय. कॅब हेडपासून सोडव, ९ व्होल्टची बॅटरी घे आणि केबलच्या पिनेला क्षणभर टेकव, टोकाला प्लस, दांड्याला मायनस. दोन्ही स्पीकरचे कोन (पुढचे कागदी पडदे) एकाच दिशेला हलले पाहिजेत, उलटसुलट हलले तर एकमेकांचा खर्ज खातात. चिकटवून ठेवू नकोस, नुसतं टक.

तुटकी_तार
आत्ता केलं. पुढची जाळी काढून टॉर्च मारून बघितलं, डावा बाहेर आला, उजवा आत गेला!! मागचं पॅनल उघडलं तर ८-८ ओमचे दोन सिरीजमध्ये आहेत, आणि उजव्याच्या लाल टोकाला जिथे डाव्याच्या काळ्या टोकाची वायर हवी तिथे... आधीच्या मालकानं काय केलंय देव जाणे. उजव्याच्या दोन्ही वायरी उलट्या केल्या. शेजारच्या काकूंनी आत्ताच दार वाजवलं, म्हणजे खर्ज आला 😂 मित्राला त्याची कॅब उद्या परत.

गरम_ट्यूब
जाळी लावायच्या आधी बॅटरीनं परत एकदा बघ.