युनिटच्या दरात आमची राख धरली आहे का?

तुकूमची
गेल्या आठवड्यात इथे कुणी लिहिलं होतं की सौरवीज साठवणीसकट महाग पडते, म्हणून कोळशाला पर्याय नाही. मी चंद्रपुरात तुकूमला, कोळशावरच्या वीजकेंद्राजवळ राहते. गच्चीवरची दोरी ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय धुणं वाळत घालता येत नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की तुळशीच्या पानांवर करडा थर बसतो, बोटाला पिठासारखा लागतो. सासऱ्यांना दमा आहे. त्यांच्या औषधांचं बिल आम्ही भरतो, ते कुठल्या युनिटच्या दरात धरलंय?

२९२० मेगावॉटचं केंद्र. वीज राज्यभर जाते, राख इथेच राहते. धुरातलं गंधक रोखायचा नियम डिसेंबर २०१५ चा, मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. तो खर्च टाळून मिळालेल्या विजेला स्वस्त म्हणायचं?

बॉयलरवाला
ताई, राखेचं दुखणं खरं आहे. मी तीस वर्षं औष्णिक केंद्रात काढली, माझ्याही छातीत ती आहे. पण संध्याकाळी सातला काय करायचं ते सांगा. सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौरचा दर युनिटला १.९९ रुपये निघाला, तो उन्हातल्या विजेचा होता, रात्रीच्या नव्हे.

शिवाय बॉयलर म्हणजे घरची शेगडी नव्हे. थंड पडलेला संच, म्हणजे बॉयलर आणि जनित्राची जोडी, पुन्हा वीज देऊ लागायला कित्येक तास जातात. दुपारी सौरला जागा द्यायची म्हणून संचाची वीजनिर्मिती फार खाली आणली की ज्योत टिकवायला तेल जाळावं लागतं. रोजच्या चढउताराने नळ्या थकतात, फुटतात. हा खर्च सौरच्या खात्यात कुणी लिहीत नाही.

ओलीतवाला, वणी
काका, सगळी वीज संध्याकाळीच लागते असं नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला मी रात्री बाराला टॉर्च घेऊन जायचो. एकदा दांड फोडताना पायाजवळून घोणस गेली. आता दहा टक्के हिस्सा भरून सौर पंप घेतला, सकाळी नऊला धार सुरू. ढगाळ दिवशी बारीक पडते. कंट्रोलर बिघडला तेव्हा दुरुस्तीला माणूस दीड महिन्याने आला, तोवर पीक सुकलं. तरी रात्रीचं ओलीत परत नको.

तुकूमची
साठवणीला पैसा लागतो, मान्य. पण घाटघरच्या जलविद्युत केंद्रात पाणी वर चढवून हवं तेव्हा २५० मेगावॉट वीज काढतातच ना? आणि जुलै २०२२ मध्ये नागपूरकडच्या कोराडी औष्णिक केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, लोकांच्या शेतात राख गेली. बॅटरीचा पैसा मोजता, मग त्या शेतांचाही मोजा.

बॉयलरवाला
मोजायलाच हवा. पण ऊर्जानगर-दुर्गापूरची कंत्राटी पोरं या केंद्रावर जगतात, त्यांचाही मोजा. सौर प्रकल्प उभा राहिला की तिथे उरतात चार पहारेकरी आणि पॅनेल धुणारे.

एक सांगतो. राखेच्या तलावावर उन्हाळाभर पाणी मारत राहायचं असतं. थर कोरडा पडू दिला की तो तुमच्या तुळशीवर येतो. याला ना सौर लागतं, ना बॅटरी. हे करून घ्यायला निवेदन द्याल तर पहिली सही माझी. संच बंद करा म्हणाल, तर मी येणार नाही.