आईसाठी फोनचं भिंग: पिन टाकताना स्क्रीन मोठी होते, एक्स्पायरी मात्र दिसत नाही

कोथरूडकर:
आई ७४ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना ड्राय मॅक्युलर डिजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, मधली नजर कमी होते). चष्म्याचा नंबर बदलून आता उपयोग नाही. फोन अँड्रॉइड १३. मॅग्निफिकेशन (स्क्रीन मोठी करून दाखवणारी फोनमधली सोय) सुरू केल्यापासून फोन मंद झालाय आणि यूपीआय पिन टाकताना मध्येच स्क्रीन मोठी होते. गोळ्यांच्या स्ट्रिपवरची एक्स्पायरी कॅमेऱ्यातून झूम केली तर नुसती चकाकी. वेगळं ॲप घ्यावं का?

खडीसाखर:
फोन मंद झालेला नाही. शॉर्टकट 'तीनदा टॅप' निवडलेला असणार. तो असला की प्रत्येक टॅपनंतर फोन क्षणभर थांबतो, आणखी दोन टॅप येतायत का ते बघायला. पिनमध्ये एकच आकडा लागोपाठ तीनदा असेल तर तेवढ्यानेही स्क्रीन मोठी होते.

सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मॅग्निफिकेशन, शॉर्टकट इथे जाऊन 'तीनदा टॅप'ची खूण काढा आणि ॲक्सेसिबिलिटी बटण ठेवा. स्क्रीन मोठी झाल्यावर सरकवायची दोन बोटांनी. एका बोटाने खालचं ॲपच सरकतं, आणि बहुतेक जण इथेच वैतागून नाद सोडतात.

त्याआधी फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ वाढवून बघा, झूमची गरजच कमी होईल. डिस्प्ले साइझ अगदी शेवटपर्यंत नेऊ नका. काही ॲपमध्ये खालचं 'पुढे' बटण स्क्रीनबाहेर जातं.

निमकर_ऑप्टो:
स्ट्रिपचं गणित प्रकाशाचं आहे, झूमचं नाही. फॉइल आरशासारखं असतं. टॉर्च कॅमेऱ्याच्या शेजारीच, म्हणून उजेड सरळ परत येतो. टॉर्च बंद करा आणि खिडकीचा किंवा टेबल लॅम्पचा उजेड एका बाजूने, अगदी तिरका पडू द्या. तारीख शाईशिवाय नुसती ठोकलेली असली तरी कडेच्या सावलीने उठून दिसते.

फोन स्ट्रिपला चिकटवू नका. मुख्य कॅमेऱ्याला साधारण १० सेंमीच्या आत फोकस होत नाही. १५ सेंमीवरून २ किंवा ३ पट झूम जास्त स्वच्छ येतो. हात थरथरत असेल तर तेवढ्या उंचीच्या डब्यावर फोन आडवा ठेवा, कॅमेरा काठाबाहेर. फोटो काढा आणि गॅलरीत मोठा करून वाचा. हलत्या चित्रापेक्षा ते केव्हाही सोपं. स्वस्त फोनमधल्या 'मॅक्रो'च्या (अगदी जवळून फोटो काढायच्या सोयीच्या) नादी लागू नका, तो बऱ्याचदा २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा असतो.

नवी स्ट्रिप कापताना तारखेची बाजू शेवटी कापायची, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

खडीसाखर:
ॲपचं राहिलंच. प्ले स्टोअरवरची फुकट भिंगं जाहिरातींनी भरलेली असतात. त्यांना कॅमेऱ्याची परवानगी पुरते. ॲक्सेसिबिलिटीची मागितली तर ॲप काढून टाका. त्या परवानगीने स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, आणि फोनमध्ये यूपीआय आहे.

तांबडी_माती:
हाच उपाय रेटिनायटिस पिगमेंटोसावाल्यांनी जसाच्या तसा उचलू नये. तिथे मधली नजर शाबूत, कडेची गेलेली. झूम वाढवला की एका वेळी दोन-तीनच अक्षरं दिसतात आणि ओळ हरवते. त्यांनी अक्षर बेताचं ठेवून 'कलर इन्व्हर्जन' लावावं, काळ्यावर पांढरं.

कोथरूडकर:
शॉर्टकट बदलला, पिनचा प्रश्न मिटला. वर्तमानपत्रासाठीही फोनच वापरावा का?

निमकर_ऑप्टो:
मथळे आणि छोट्या जाहिरातींपुरता. अख्खा लेख वाचायचा तर दिवा असलेलं स्टँड भिंग घ्या. ते कागदावर टेकवून सरकवायचं, त्यामुळे अंतर बदलत नाही. किती पटीचं हवं ते लो व्हिजन क्लिनिकमध्ये (चष्म्यानेही नीट न दिसणाऱ्यांसाठीच्या दवाखान्यात) तपासूनच ठरवा. जास्त पटीचं भिंग लहान असतं आणि त्यात शब्द कमी मावतात.