रामदास बोटीवरच्या सिनेमात तांडेल कोण?

रामदास बोटीच्या दुर्घटनेवर सिनेमा निघाला तर त्यात कोण असावं, या चर्चेत कप्तानाच्या भूमिकेसाठी सुचवलेलं जितेंद्र जोशी हे नाव मला एकदम पटलं. पण माझा जीव अडकलाय तो रेवसच्या कोळ्यांत. १७ जुलै १९४७, ऐन गटारी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला सुटलेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेच्या वर माणसं गेली. वाचली त्यांतल्या कितीतरी जणांना कोळ्यांनीच होड्यांत ओढून घेतलं. त्या कोळ्यांतल्या म्हाताऱ्या तांडेलासाठी, म्हणजे होडीच्या म्होरक्यासाठी, नाना पाटेकरच हवेत. मूळचे मुरूडचे, हा समुद्र त्यांच्या ओळखीचा. संवाद नकोतच, ओल्या दोरावर आवळलेली बोटं आणि लाटांत एकेक डोकं शोधणारी नजर, बस्स. धक्क्यावर वाट बघणाऱ्या बाईसाठी छाया कदम. आणि कृपा करून सगळ्यांना आगरी-कोळी बोलीच बोलू द्या.